लेकुंबेरीचा जुना तुरुंग आणि एका नव्या देशाचा जमाखर्च

मेक्सिको सिटीत मुलीकडे तीन आठवडे होतो, त्यातला एक अख्खा दिवस मी लेकुंबेरीसाठी ठेवला होता. सान लासारो मेट्रो स्टेशनला उतरायचं आणि चालत जायचं. मुलगी म्हणाली बाबा, तिथे नक्की काय बघायचंय तुम्हाला? म्हटलं, २८ वर्षं ट्रेझरीत काढली, एखादा देश नव्याने स्वतंत्र होतो तेव्हा तिजोरीच्या किल्ल्या आणि वह्या कुणाच्या हातात जातात आणि त्या वह्यांवरून त्याला काय कळतं, ते बघायचंय.

लेकुंबेरी हा खरं तर तुरुंग. १९०० साली सुरू झाला, मधोमध गोल चौक आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या कोठड्यांच्या लांबच लांब ओळी. १९७६ ला तुरुंग बंद झाला आणि १९८२ पासून इथे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. अभिलेखागार स्वतः मात्र त्याहून खूप जुनं, १८२३ मध्ये लुकास आलामान या मंत्र्याने ते उभं केलं, म्हणजे मेक्सिकोला स्पेनपासून स्वतंत्र होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तिजोरी रिकामी होती, तरी त्याला आधी कागद सांभाळावेसे वाटले, मला हे फार मोठं वाटतं.

तिथल्या एका बाईंनी स्क्रीनवर वसाहतकाळातल्या हिशोबाची पानं दाखवली, त्या स्पॅनिशमध्ये सांगत होत्या आणि मुलगी मराठीत. कागदांच्या गठ्ठ्याला तिकडे लेगाहो म्हणतात, आपल्याकडे पेशवे दफ्तरात रुमाल असतो ना, तसाच. आणि हिशोबाची पद्धत म्हणजे कार्गो इ दाता. मुलगी शब्द शोधत होती, मी म्हटलं थांब, हा जमाखर्च आहे. पण पूर्ण तसाही नाही. कार्गो म्हणजे अधिकाऱ्याच्या अंगावर असलेली रक्कम, ती कुठे दिली ते दाता. म्हणजे वही त्या माणसाची जबाबदारी फिटली की नाही एवढंच सांगते, सरकारची अवस्था काय आहे ते सांगत नाही. स्पेनच्या राजाला तेवढंच हवं होतं. १७८० च्या दशकात राजाने डबल एंट्री, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत नोंदवायची पद्धत, लावून बघितली पण थोड्याच वर्षांत ती मागे घेतली.

यात घोटाळा कसा होतो बघा. साकातेकास या चांदीच्या खाणींच्या गावच्या तिजोरीने शिल्लक चांदी राजधानीला पाठवली की तिकडे ती दाता आणि राजधानीत कार्गो, दोन्हीकडच्या बेरजा एकत्र केल्या की तोच पैसा दोनदा मोजला जातो, शिवाय गेल्या वर्षीची शिल्लकही कार्गोत, काही वेळा वसूल न झालेली येणीसुद्धा कार्गोत. आमच्याकडे एका ट्रेझरीतून दुसरीकडे गेलेली रक्कम रेमिटन्समध्ये टाकतात आणि एजी ऑफिस, म्हणजे महालेखापालांचं कार्यालय, ती जुळवतं, ती जुळेपर्यंत झोप लागायची नाही, म्हणून हे वाचताना पोटात गोळा आला.

आणि असल्या वह्या हातात घेऊन २७ सप्टेंबर १८२१ नंतर नवं सरकार बसलं. अकरा वर्षांच्या लढाईत खाणी पाण्याखाली गेलेल्या, नाणी पाडणं कितीतरी घटलेलं, फौजेचा पगार मात्र दर महिन्याला हवाच. सेनापती इतुर्बिदे सम्राट झाला, त्याने कागदी नोटा काढल्या, लोकांनी त्या मनापासून घेतल्या नाहीत. तो गेल्यावर १८२३ मध्ये प्रजासत्ताकाने नोटा काढल्या त्या चक्क चर्चच्या जुन्या छापील बुलांच्या, म्हणजे पोपच्या नावाने निघालेल्या पत्रकांच्या, कोऱ्या बाजूवर! पोपच्या नावाचा कागद आहे म्हटल्यावर तरी लोक विश्वास ठेवतील म्हणून. बाईंनी फोनवर फोटो दाखवला, मागच्या बाजूला खरंच धार्मिक मजकूर.

मग कर्ज. १८२४ मध्ये लंडनच्या गोल्डश्मिट पेढीकडून ३२ लाख पौंड, पण सरकारसाठी भाव ठरला शंभराला पन्नास, म्हणजे देणं पूर्ण ३२ लाखांचं आणि दलाली वगैरे कापून हातात निम्म्याहून कमी. पुढच्या वर्षी बार्कले कंपनीमार्फत तेवढंच दुसरं, १८२६ मध्ये दोन्ही पेढ्या बुडाल्या, बार्कलेकडे असलेले मेक्सिकोचे पैसेही त्यात अडकले आणि १८२७ ला हप्ते थांबले. शिवाय स्पॅनिश काळातलं जुनं कर्जही संसदेने जून १८२४ मध्ये आपलं म्हणून मान्य केलं होतं. आलेली रोकड आणि झालेलं देणं यातला फरक वहीत कुठल्या सदरात दाखवायचा, हा प्रश्न कार्गो-दाताच्या वहीत बसतच नाही.

म्हणून मला १६ नोव्हेंबर १८२४ चा कायदा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. राजाच्या काळातलं हिशोब तपासणारं न्यायासन, जे १६०५ च्या हुकमातून आलं होतं, ते गेलं आणि त्याच्या जागी कोंतादुरीया मायोर हे हिशोब तपासणीचं मुख्य कार्यालय आलं, तेही मंत्र्याच्या हाताखाली नाही तर खालच्या सभागृहाच्या देखरेखीखाली. अर्थमंत्र्याने दरवर्षी संसदेपुढे छापील मेमोरिया, म्हणजे खात्याचा अहवाल, ठेवायची, एस्तेवा या मंत्र्याच्या तशा मेमोरिया आजही वाचता येतात. आकडे चुकत असतील, उशीर होत असेल, मंत्री तर सारखे बदलायचे, पण हिशोब राजाऐवजी निवडून आलेल्या माणसांपुढे ठेवायचा हे तिथे ठरलं.

परत येताना सान लासारोची संसद लागते, लाल दगडाची मोठी इमारत. सरकारचा वर्षाचा हिशोब आजही याच सभागृहात येतो. मुलगी म्हणाली बाबा, फोटो काढू का? म्हटलं काढ, आणि मागची भिंत नीट येऊ दे.