फुल्या टाकल्या म्हणून काय झालं?

आज ६ डिसेंबर. चैत्यभूमीवरच्या रांगेचे फोटो आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर आले आणि एकानं खाली लिहिलं, "आले फुकटे." पुढे एका जातीचा उल्लेख: पहिलं अक्षर, दोन फुल्या, शेवटचं अक्षर. मी हटकलं तर म्हणाला, "अरे, पूर्ण शब्द कुठं लिहिलाय?"

शेजारी बसलेल्या सहावीतल्या भाचीनं तो शब्द एका दमात वाचला आणि विचारलं, "मामा, हे कुणाला म्हणतात?" काय सांगणार तिला?

शिवी वाचणाऱ्याला कळावी म्हणूनच तर दोन अक्षरं शिल्लक ठेवतात. झाकायचंच असतं तर लिहिलंच नसतं. त्याच ग्रुपवर आमचे दोन मित्र आहेत, दरवर्षी आईवडिलांना घेऊन दादरला जाणारे. त्यांना त्या फुल्यांनी कसला दिलासा मिळणार? दलित-आदिवासींचा जातीवरून चारचौघांत अपमान करणं १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यानं गुन्हा आहे, आणि हा भला माणूस स्वतः वकील!

वैतागून स्वतःच्या नशिबाला कुणी फुल्याफुल्यांची शिवी घातली तर माझी काही हरकत नाही. माणसाच्या जन्मावर घातलेली मात्र मी चालू देणार नाही. मेसेज काढ आणि त्या दोघांची ग्रुपवरच माफी माग, असं त्याला सांगितलंय.