एएसी ब्लॉकच्या भिंतीवर गिझर, बेसिन आणि कमोड

बेळगावात नवीन अपार्टमेंटच्या आतल्या भिंती आता बहुतेक चार इंची एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेचे कप्पे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकच्या असतात. काही जण त्याला सिपोरेक्स म्हणतात. आपले गवंडी आणि प्लंबर मात्र तयार झाले चिऱ्याच्या आणि विटांच्या भिंतींवर. त्यामुळे हॅमर ड्रिल, अर्ध्या इंचाचं भोक आणि ठोकलेला अँकर फास्टनर ही पद्धत ते इथेही जशीच्या तशी वापरतात. ती इथे चालत नाही.

अँकर फास्टनर घट्ट होतो तो भोकाच्या कडांना बाहेर दाबून. काँक्रीट त्या दाबाला टिकतं. एएसीमध्ये ॲल्युमिनियम पावडरमुळे तयार झालेले बारीक हवेचे कप्पे असतात. ब्लॉकची ताकद ३ ते ४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, तर साधं एम २० काँक्रीट २० चं. पाना फिरवला की कप्पे चुरडतात, भोक रुंद होतं आणि बोल्ट नुसता फिरत राहतो. कधी त्या दिवशी घट्ट वाटतो आणि महिन्याभरात सैल होतो.

भिंत कसली आहे ते ड्रिलची धूळ सांगते. लाल आणि बारीक असेल तर वीट, तांबूस आणि खरखरीत असेल तर चिरा. पिठासारखी पांढरट धूळ येऊन बिट जोर न लावता आत गेलं, तर एएसी.

सगळे घाबरतात गिझरला, पण खरी भीती बेसिनची आहे. २५ लिटरचा गिझर पाण्यासकट साधारण ४० किलो. त्याचं वजन भिंतीपासून २० सेंमी पुढे आणि वरच्या बोल्टपासून खालचा टेकू ३० सेंमीवर धरला, तर बोल्टना बाहेर ओढणारा जोर ४० × २० ÷ ३० म्हणजे २७ किलो. दोन बोल्ट असल्याने एकावर १३–१४. आता बेसिन घ्या. त्याचं वजन जेमतेम १५ किलो, पण भिंतीपासून ४० सेंमीवरच्या पुढच्या कडेवर कुणी ५० किलोचा भार देऊन टेकलं आणि बोल्टपासून बेसिनची खालची कड फक्त १२ सेंमीवर असली, तर ५० × ४० ÷ १२ म्हणजे १६७ किलो. बेसिनचं स्वतःचं वजन धरून १९० च्या आसपास, एका बोल्टवर ९५. गिझरच्या सातपट. खाली सरकवणारा भार ब्लॉक बराच सोसतो. बाहेर ओढणाऱ्या जोराला तो कच्चा आहे.

दुसरी गफलत लांबीची. टाइल ८ मिमी, तिच्यामागचा माल ६ ते २० मिमी, गिलावा १२ ते १५ मिमी. म्हणजे ब्लॉक सुरू होण्याआधीच ३० ते ४० मिमी गेले. दुकानात मिळणारा ५० मिमीचा रॉल प्लग (स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची गुटी) ठोकला तर ब्लॉकमध्ये त्याचे १०–२० मिमीच राहतात, आणि फुगताना तो टाइलच फोडतो. म्हणून लांबी टाइलच्या तोंडापासून मोजायची नाही, ब्लॉकच्या तोंडापासून मोजायची.

घर अजून बांधणीत असेल तर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. जिथे वजन यायचं तिथे ब्लॉक लावूच नका. गिझरचे हुक साधारण सात फुटांवर येतात, आणि दाराच्या लिंटेलची आरसीसी पट्टीही त्याच उंचीला असते. ती पट्टी बाथरूमच्या भिंतीवरून पुढे न्या आणि चार इंचाऐवजी एका ब्लॉकएवढी, म्हणजे आठ इंच उंच ओता. चार इंचात बोल्ट कडेला येतो आणि कोपरा उडतो. बेसिनच्या बोल्टच्या उंचीला, साधारण अडीच फुटांवर, एका ६०० × २०० च्या ब्लॉकची जागा मोकळी ठेवून ८ मिमीच्या दोन सळ्या टाका आणि एम २० काँक्रीट (१ : १.५ : ३) भरा. म्हाताऱ्या माणसांसाठी धरायचा दांडा लावायचा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांमागेही हेच करा. घसरणारा माणूस त्या दांड्याला सगळ्या अंगाने हिसका देतो. गिलावा करण्याआधी भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा: काँक्रीट कुठे, सांधे कुठे, पाइप कुठे. पुढे हा फोटो पैशांहून मोलाचा ठरतो. अशा काँक्रीटमध्ये मग नेहमीचा अँकर फास्टनर खुशाल वापरा.

भिंत आधीच तयार असेल तर तीन वाटा आहेत.

गिझर, आरसा, टॉवेल रॉड यांसाठी एएसीसाठीच बनवलेले नायलॉन प्लग येतात. त्यांना बाहेरून पिळाच्या धारा असतात आणि त्या ब्लॉकमध्ये रुतून बसतात. प्लग पूर्ण ब्लॉकच्या आत ठोकायचा आणि मधले ३०–४० मिमी धरून लांब स्क्रू घ्यायचा.

त्याहून जास्त ओढ असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात नळीने चिकट मसाला भरून त्यात पक्की केलेली सळई. एम १० ची (१० मिमी जाडीची, आट्यांची) स्टेनलेस सळई, १२ मिमीचं भोक, ब्लॉकमध्ये ७५ ते ८० मिमी खोल. यात सगळ्यात जास्त चुकतं ते भोक साफ करणं. एएसीची धूळ भरपूर असते आणि मसाला धुळीला चिकटला की सळई धुळीसकट बाहेर येते. फुंका, ब्रश फिरवा, पुन्हा फुंका, असं दोन-तीनदा करा. नळीतून येणारा पहिला मसाला एकसारख्या रंगाचा होईपर्यंत फेकून द्या. भोक तळापासून दोन तृतीयांश भरा आणि सळई फिरवत घाला. सुकण्याचा वेळ तापमानावर ठरतो, तो कार्ट्रिजवर छापलेला असतो. भार बघताना डब्यावरचा काँक्रीटचा आकडा घेऊ नका, एएसीचा रकाना वेगळा आणि बराच कमी असतो.

बेसिनला मात्र आमची पसंती आरपार बोल्टला. मागची खोली आपलीच असेल तर एम १० सळई भिंतीतून पलीकडे काढा आणि तिथे १०० × १०० × ६ मिमीची लोखंडी पट्टी गिलाव्यात बसवून नट आवळा. अशा पट्ट्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुठलाही फॅब्रिकेटर कापून, भोक पाडून देईल. बाहेरच्या भिंतीला हे करू नका, आपल्याकडचा पाऊस त्या भोकातून आत येईल. नाहीतर सरळ पेडेस्टल (खाली खांब असलेलं) बेसिन घ्या, किंवा कडप्प्याच्या उभ्या फळ्यांवर काउंटर टाका. भार जमिनीवर गेला की भिंतीचा प्रश्नच मिटतो.

भिंतीवरचा कमोड चार इंची ब्लॉकला थेट बोल्टने कधीच लावू नका. त्याला लोखंडी फ्रेम लागते. फ्रेमचे पाय भार घेतात, भिंतीतले वरचे दोन बोल्ट फक्त तिला मागे धरून ठेवतात. आणि पाय स्लॅबवर हवेत. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब आठ इंच ते फूटभर खाली असतो आणि वर विटांचे तुकडे भरलेले असतात. त्या भरावात बोल्ट मारला तर बसल्यावर कमोड डुलतो, काही दिवसांनी टाइलचा सांधा उघडतो. भराव टाकण्याआधी पायांखाली स्लॅबपासून काँक्रीटचे ठोकळे उचलून घ्या.

भोक पाडताना टाइलला डायमंड बिट, आणि आत ब्लॉकमध्येही मशीन नुसतं फिरतं ठेवायचं. कारागीर गोकाक-बैलहोंगलकडचा असेल तर सुरू करण्याआधीच सांगा, ‘हॅमर बेडा’, म्हणजे कन्नडमध्ये हॅमर नको. टाइलमधलं भोक प्लगपेक्षा १–२ मिमी मोठं ठेवा. चार इंची भिंतीत मागे २० मिमी तरी ब्लॉक शिल्लक राहू द्या, नाहीतर पलीकडचा गिलावा फुगून निघतो. नळाच्या किंवा बटणाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, पाइप आणि वायर तिथूनच जातात.

बोल्ट ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचेच घ्या. साधे बोल्ट दमटपणात गंजतात आणि गंज टाइलवर उतरतो. बोल्ट बसवताना भोकाच्या तोंडाशी सिलिकॉन भरा, कारण वॉटरप्रूफिंगचा थर आपण तिथे फोडलेला असतो. बेसिनच्या वरच्या आणि बाजूच्या कडांना सिलिकॉन लावा, खालची कड मोकळी ठेवा. मागे पाणी झिरपू लागलं तर ते तिथून टपकताना दिसेल, ब्लॉकमध्ये मुरत बसणार नाही.