गाठ कळवायची, पण घोडा मारायचा नाही

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात आणि एकाच हौदाला तोंड लावतात. बाजार उठला की पंधरवड्यात माझा फोन सुरू होतो. "डॉक्टर, नवीन शिंगराच्या जबड्याखाली गाठ आलीय. नाकातून पिवळं वाहतंय, चारा गिळवत नाही."

बहुतेक वेळा तो स्ट्रँगल्स निघतो. स्ट्रेप्टोकॉकस इक्वाय नावाच्या जिवाणूचा आजार. गाठ पिकते, फुटते, वाटीभर पू निघतो आणि बहुतेक घोडी बरी होतात. म्हणूनच कुणाला त्याची भीती वाटत नाही. खोड अशी की काही घोड्यांच्या घशामागच्या हवेच्या पिशवीत पू सुकून खडे होतात आणि ते जिवाणू महिनोन्‌महिने जगतात. घोडा वरून ठणठणीत, अंगावर तुकतुकी, मालक तोबऱ्यात चणे भरतोय. तोच तोबरा शेजारच्या शिंगराच्या तोंडाला लागला की झालं.

हा रोग सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक नाही. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत ग्लँडर्स हा घोड्यांचा दुसरा जिवाणूचा आजार आहे, इक्वाइन इन्फ्लुएंझा म्हणजे घोड्यांचा फ्लू आहे, स्ट्रँगल्स नाही. ग्लँडर्स माणसाला होतो, त्यात माणूस दगावू शकतो. इंग्रजांनी त्याच्यासाठी १८९९ मध्येच वेगळा कायदा केला होता. स्ट्रँगल्सचं तसं नाही, हे मान्य. ब्रिटनमध्येही तो कळवण्याची सक्ती नाही आणि तिथे तो भरपूर आहे. अमेरिकेत काही राज्यांत कळवावा लागतो.

माझं मत, कळवायला लावावा. पण घोडेवाल्यांशी हे बोलायला गेलं की चेहरे बदलतात. २००६ साली पुणे-पाचगणी भागात ग्लँडर्स निघाला, तेव्हापासून या धंद्यात एक समीकरण पक्कं बसलंय: कळवलं की घोडा गेला. ग्लँडर्सला दुसरा इलाजच नाही, घोडा मारावाच लागतो. भरपाई २५ हजार ठरलेली होती. वरातीत नाचणारी शिकवलेली घोडी त्या पैशांत कुठे येते? धुळ्याकडच्या एका मालकाने मला गाठीचा पू तपासायला पाठवू दिला नाही. "कागदावर नका घेऊ डॉक्टर, लग्नसराई तोंडावर आहे." त्याला खोटं म्हणायची माझी छाती नाही. पण त्याच घोडीसोबत बांधलेली दोन शिंगरं पुढे आजारी पडली.

तेव्हा स्ट्रँगल्सची सक्ती ग्लँडर्सच्या साच्यात ओतून चालणार नाही. घोडा मारायचा नाही, पागेला कुलूप लावायचं नाही, दंडाची भाषा नाही. घोडा बरा होऊन तपासणीत स्वच्छ निघेपर्यंत त्याला बाजारात आणि वरातीत नेता येणार नाही, एवढंच. आणि कळवायची जबाबदारी डॉक्टरवर टाका. आजच्या कायद्यात मालकाने ग्रामपंचायतीत किंवा गावच्या अधिकाऱ्याला सांगायचं, त्याने पुढे पशुवैद्यकाला. पंचायतीत सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर येते, आणि मग त्या घोडीला सुपारी कोण देणार?

माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो, आधीच सरकारी दवाखान्यांत माणसं अपुरी, त्यात हे काम कोण करणार? बरोबर आहे. पण मला पथक नकोच आहे. कुठल्या तालुक्यात किती घोडे आजारी, एवढा आकडा आठवड्याला लागला तरी डिसेंबरात कुणाकडून घोडा घ्यायचा नाही हे घेणाऱ्याला कळेल. आज तो लाखो रुपये मोजतो तेव्हा दात बघतो, अंगावरचे केसांचे भोवरे बघतो, चाल बघतो. जबड्याखाली हात घालणारा क्वचित दिसतो.

यादीत नाव येईल तेव्हा येईल. यंदा बाजारातून घोडा आणणार असाल तर तीन आठवडे तो वेगळा बांधा. तोबरा, बादली, लगाम, खरारा वेगळा. त्याला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. ताप चढल्यावर एखाद-दोन दिवसांनी घोडा जिवाणू सोडायला लागतो, तेवढीच वेळ आपल्या हातात असते. पारा १०१.५ च्या वर गेला की गाठ यायची वाट बघू नका, फोन करा.