भूप अखेर भूपासारखा वाजला; आता धोट्याचा ठेका

संगणकाकडून राग भूप रचून घेतोय. मार्कोव्ह साखळीतून (आधीच्या स्वरावरून पुढचा स्वर शक्यतेने निवडणारी पद्धत) निघणारा भूप देशकार या जवळच्या रागाकडे घसरतो, हे मागच्या नोंदीतलं दुखणं अखेर गेलं.

दोन्ही रागांचे स्वर तेच: सा रे ग प ध. भूपाचा वादी (मुख्य स्वर) ग, देशकारचा ध. साखळीचा तक्ता 'कोणत्या स्वरानंतर कोणता' एवढंच मोजत होता. हा फरक त्यात जेमतेम उमटतो. साखळीला दोन स्वर मागे बघायला लावलं, तर टाइप केलेल्या तीस-पस्तीस स्वरावल्याच ती जशाच्या तशा परत देऊ लागली. इतक्या थोड्या मालात बहुतेक जोड्यांना पुढे एकच वाट उरते.

खरी मेख ठहरावात, म्हणजे कोणत्या स्वरावर किती थांबायचं यात होती. आता क्रमाचा तक्ता एकच स्वर मागे बघतो आणि कालावधीचा तक्ता वेगळा. मध्य सप्तकातल्या धैवताला (ध) कमाल 1 मात्रा. पुढे तार षड्ज (वरचा सा) असेल तरच 2. गंधाराला (ग) 2 ते 4. स्वरावली कुठे संपवायची त्याची वजनं: ग 0.5, सा 0.3, प 0.2, ध शून्य. 'ध प ग' करत गंधारावर टेकला की पहिल्याच वाक्यात भूप उभा राहतो. काय सुख आहे ते! ग आणि ध यांची वजनं आणि मात्रा अदलाबदल करून रिषभ कमी केला, की त्याच कोडातून देशकारचं अंग निघतं.

कोड लिहून संगीत करायच्या प्रोग्राममध्ये सोनिक पाय सुरुवातीला उत्तम, पण असे दोन सुटे तक्ते सुपरकोलायडरमध्येच सुटसुटीत बसतात. मींडेसाठी (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकण्यासाठी) त्यातलं पीमोनो, ते एकच आवाज न तोडता चालू ठेवतं. सरक हर्ट्झवर लावू नका, हर्ट्झच्या लॉगवर लावा. नाहीतर चढती आणि उतरती मींड वेगवेगळी वाकते. सा च्या कंपनसंख्येच्या तुलनेत ध 5/3 ठेवलाय, ग 5/4.

तालासाठी तबल्याचे तयार नमुने घेणार होतो. ते आता रद्द. सोलापुरात बसून चादरीचा जकार्ड ग्राफ (नक्षीचा चौकटींचा आराखडा) सोडायचा कशाला? भरलेली चौकट म्हणजे ठोका, रिकामी म्हणजे विराम. किनारीची 24 चौकटींची ओळ, चौकटीला एक मात्रा धरून, 16 मात्रांच्या तीनतालावर सोडली, तर दोन फेऱ्यांत 48 मात्रा, म्हणजे बरोबर तिसरं आवर्तन संपून सम (तालाची पहिली मात्रा). ठोकाही यंत्रमागाच्या धोट्याचाच (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा): एक डावीकडून, एक उजवीकडून. रेकॉर्डिंगमध्ये मोटरची 50 हर्ट्झची घरघर येतेच, तेव्हा 120 हर्ट्झच्या खालचं कापा. फोनमधली आवाज आपोआप सारखा करणारी सोय बंद ठेवा, ती ठोक्याची धारच खाते.

हे लिहितानाच सुचलं: ओळीच्या शेवटच्या 5 चौकटींची तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) होईल. मध्ये एकेक मात्रा विराम धरून 5+1+5+1+5 म्हणजे 17; समेवर सुरू केली की शेवटची चौकट पुढच्या समेवर. मात्र ती चौकट भरलेली हवी, म्हणून आधी तशाच ओळी निवडणारा फिल्टर लिहायला घेतोय.