रेडिएशनच्या आधी हात वर जातोय का ते बघा

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो असेल तर तीही संपली, की घरात रेडिएशनची चर्चा सुरू होते: कुठल्या हॉस्पिटलचं मशीन नवं, चटका किती बसतो, केस पुन्हा जातील का. (जात नाहीत. किरण छातीवर असतात, डोक्यावर नाहीत.) खांद्याची चौकशी मात्र कोणी करत नाही, आणि पहिल्याच दिवशी प्लॅनिंग सीटीच्या, म्हणजे किरण कुठे द्यायचे ते आखण्यासाठीच्या स्कॅनच्या, टेबलावर गाडी नेमकी तिथे अडते.

या उपचारात पाठीवर झोपून हात डोक्याच्या वर नेऊन ठेवावे लागतात. किरण छातीवर समोरून सरळ सोडत नाहीत. दोन बाजूंनी तिरके, बरगड्यांच्या गोलाईला घासून जातील असे सोडतात, म्हणजे आतल्या फुप्फुसाचा कमीत कमी भाग त्यात सापडतो. हात खाली असला तर दंड त्याच वाटेत येतो. काखेतल्या गाठी काढलेल्या असल्या की खांदा आखडतो. काही जणींना काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली दोरी ताणल्यासारखी लागते. अशा वेळी हात अर्धाच वर जातो, सीटीची तारीख पुढे ढकलली जाते आणि फिजिओथेरपीत दोन-तीन आठवडे जातात. हे आठवडे ऑपरेशननंतर लगेच वापरायचे होते.

ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी, नळी असेपर्यंत हात साधारण खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यायचा. नळी निघाली आणि सर्जननी हो म्हटलं, की भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची. दिवसातून तीन वेळा, दर वेळी आठ-दहा फेऱ्या. ताण जाणवेपर्यंत, कळ येईपर्यंत नाही. स्वतःची वेणी स्वतः घालणं, दोरीवर हलके कपडे वाळत टाकणं हाही व्यायामच. पाण्याची कळशी उचलणं हा व्यायाम नाही. घरच्या घरी परीक्षा घ्यायची तर सतरंजीवर उताणं झोपून हात डोक्यामागे ठेवून पंधरा-वीस मिनिटं राहता येतंय का ते बघावं.

प्लॅनिंग सीटी रोग शोधण्यासाठी नसते. ती नकाशा काढण्यासाठी असते. उतरत्या पाटावर झोपवतात, हात टेकवायला आधार देतात, भिंतीवरच्या लेझरच्या रेषा अंगावर जुळवून खुणा करतात. काही ठिकाणी मार्करच्या खुणा असतात, काही ठिकाणी सुईने शाईचे दोन-तीन बारीक ठिपके. आजीच्या पिढीला हे गोंदण सांगितलं की लगेच कळतं. मार्करच्या खुणा असतील तर त्या घासायच्या नाहीत, आणि पुसट झाल्या तर घरी पेनने गिरवायच्याही नाहीत. गिरवलेली रेघ दोन-चार मिलिमीटर सरकते, तंत्रज्ञ तीच खरी मानण्याचा धोका असतो. पुसल्या असतील तर तसं सरळ सांगावं.

सीटी आणि पहिली सिटिंग (एका वेळचे किरण) यांच्यामध्ये काही दिवस जातात. डॉक्टर प्रत्येक चित्रावर कुठे किरण हवेत आणि काय वाचवायचं ते आखतात, फिजिसिस्ट डोसचं गणित बसवतात आणि तपासतात. या मधल्या काळात जखमेखाली पाणी साठून छातीचा आकार बदलला किंवा सूज एकदम उतरली, तर नकाशा जुना होतो आणि पुन्हा सीटी करावी लागते.

किती सिटिंग लागतात, यावरून घराघरांत गोंधळ असतो, कारण मावशीच्या वेळचं उत्तर आता लागू नाही. पूर्वी २५ सिटिंगमध्ये ५० ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं माप), म्हणजे पाच आठवडे. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीनंतर १५ सिटिंगमध्ये ४० ग्रे ही तीन आठवड्यांची पद्धत रुळली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीत निवडक रुग्णांना एका आठवड्यात पाच सिटिंगमध्ये २६ ग्रे दिले आणि पाच वर्षांचे निकाल तीन आठवड्यांच्या पद्धतीच्या तोडीस तोड आले. स्तन वाचवलेला असेल तर गाठ होती त्या जागेला जादा डोस देतात. त्याला बूस्ट म्हणतात. वय कमी असेल तर तो बहुधा लागतोच. तेव्हा शेजारणीला पंधरा आणि मला वीस का, याचा अर्थ आजार जास्त असा लगेच लावू नये.

आणि प्रत्येकीला रेडिएशन लागतंच असंही नाही. पूर्ण स्तन काढला, गाठ लहान होती आणि काखेत काही सापडलं नाही, तर बहुतेकदा गरज नसते. स्तन वाचवलेल्यांना मात्र सहसा लागतं. पासष्टीच्या पुढच्या, लहान आणि हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या गाठीच्या बायकांमध्ये ते टाळून फक्त हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांवर राहता येतं का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. तशा एका चाचणीत दहा वर्षांत त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण रेडिएशन न घेतलेल्यांत ९.५ टक्के आणि घेतलेल्यांत ०.९ टक्के होतं, पण आयुर्मानात फरक नव्हता. महत्त्वाची अट म्हणजे गोळ्या पाच वर्षं नियमित घ्यायच्या. ज्यांना रोजची गोळी विसरायची सवय आहे त्यांनी हा मार्ग न धरलेला बरा.

डाव्या बाजूला एक जादा मुद्दा असतो, हृदयाचा. खोल श्वास घेऊन रोखला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून दूर, खाली सरकतं. तेवढ्याच वेळात मशीन चालवतात, साधारण वीस सेकंद. छाती ठरलेल्या उंचीवरून हलली की किरण थांबतात. इथे प्राणायाम करणाऱ्यांचीच कधीकधी पंचाईत होते. पोटाने श्वास घ्यायची सवय असते, छाती वर येतच नाही. दुसरी चूक म्हणजे पाठ टेबलावरून उचलून कमान करणं. पाठ टेकलेली ठेवून फक्त छाती फुगवायची. आठवडाभर आधी घरी घड्याळ लावून सराव केला तर सीटीच्या दिवशी काम पटकन होतं.

मशीनवर प्रत्यक्ष किरण काहीच मिनिटं असतात. त्यात दुखत नाही, भाजत नाही. काही जण याला ‘विजेचा शेक’ म्हणतात, म्हणून सांगावं लागतं: यात वीजही अंगाला लागत नाही आणि शेकही नसतो. बाहेर आल्यावर अंगात काही उरत नाही. नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. मंगळसूत्र, साखळी काढून जावं लागतं. मंगळसूत्र काढताना पुष्कळ जणींचा जीव खालीवर होतो. सोबतच्या माणसाच्या हातात देऊन आल्या-आल्या घालावं. हॉस्पिटलच्या लॉकरवर सोडू नये.

मधे खाडे नकोत. शनिवार-रविवारची सुट्टी गणितात धरलेली असते, इतर दिवसांची नसते. पुण्यात राहून ही काळजी कॅलेंडर बघूनच घ्यावी लागते: पालख्यांचा भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्काम असतो ते दिवस, आणि अनंत चतुर्दशी. आधी सांगितलं तर विभाग वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची करून देऊ शकतो. कोथरूडहून बंडगार्डनच्या बाजूला रोज जायचं तर वनाज–रामवाडी मेट्रो रिक्षाच्या खड्ड्यांपेक्षा खांद्याला केव्हाही बरी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून घ्यायचं असेल तर रेशन कार्ड, आधार कार्ड घेऊन सीटीच्या आधीच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, भेटावं. मंजुरी नंतर मागितली की तारखा लोंबकळतात.

कातडीचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दिसतो. आपल्या वर्णावर लाली फारशी उठत नाही, काळपटपणा आणि खाज येते. स्तनाखालची घडी आणि काख या घामाच्या जागा आधी सोलतात. कोमट पाणी, सौम्य साबण, टिपून पुसणं, सुती सैल कुर्ता. घट्ट ब्लाउजची काखेतली शिवण आणि वायरची ब्रा या दोन गोष्टी नकोत. हळदीचा लेप, उटणं, गरम पाण्याची पिशवी, चिकटपट्टी यातलं काही नको. दिवाळी मधे आली तर अभ्यंगस्नान बाकीच्या अंगाला करावं, तेवढा भाग सोडून. कातडी ओली होऊन सोलली तर घरातलं कुठलंही मलम न लावता विभागात दाखवावं.

सगळ्यात जास्त फोन येतात ते शेवटची सिटिंग झाल्यावर. उपचार संपले आणि कातडी आणखी बिघडली, म्हणून. हे अपेक्षित असतं. परिणाम पुढच्या एक-दोन आठवड्यांत टोक गाठतो आणि मग उतरतो. थकवा आणखी काही आठवडे टिकतो.

त्यानंतर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, दम किंवा बारीक ताप आला, तर फॅमिली डॉक्टरांना रेडिएशन झाल्याचं आपणहून सांगावं. फुप्फुसाला आलेली ती सूज असू शकते; तिला अँटिबायोटिकने फरक पडत नाही, तिचे उपचार वेगळे असतात. मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) रेडिएशन संपल्यापासून सहा ते बारा महिन्यांनी करायचा. आणि डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘रेडिएशन पूर्ण’ एवढंच लिहिलं असेल तर ते चालवून घेऊ नये. एकूण ग्रे, सिटिंग, कुठली बाजू, काखेला किंवा गळपट्टीच्या हाडाजवळ (कॉलरबोन) दिलं का, बूस्ट किती, हे सगळं लिहून मागावं. पुढे कधी त्याच भागाजवळ पुन्हा किरण द्यायची वेळ आली, तर डॉक्टर पहिला कागद हाच मागतात.