इंडिकेटर अपडेट: मागच्यांचा प्रश्न सुटला, LED पण बसले, आता फक्त स्विच राहिला

जुन्या बाईकचं वायरिंग अखेर पुढे सरकलंय. त्रास असा होता की पुढचे दोन्ही इंडिकेटर झकास आणि मागचे दोन्ही मिणमिणते, त्यात ब्रेक दाबला की मागचे आणखीच मरायचे. असं काही झालं की लोक पहिले "रिले बदल" सांगतात (रिले म्हणजे फ्लॅशर, इंडिकेटर लुकलुकवणारा डबा), पण पुढच्या-मागच्या बल्बना सप्लाय एकाच फ्लॅशरमधून येतो, पुढचे नीट लागतायत म्हणजे फ्लॅशर काम करतोय, त्याला कशाला हात लावायचा.

खरी खूण अंधारात दिसली. हेडलाइटचा स्विच बंद, डावा इंडिकेटर चालू, आणि टेललाइट इंडिकेटरच्या तालावर अगदी हलकासा लुकलुकतोय! टेललाइट बंद असताना त्यात करंट आलाच कसा? तर मागचं कॉमन अर्थिंग (मागच्या सगळ्या दिव्यांचा करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी जोडणी) धड नसलं की करंटला बॅटरीकडे परत जायची सरळ वाट मिळत नाही, मग तो टेललाइटच्या फिलामेंटमधून उलटा घुसून दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. हे दिसलं की थेट अर्थिंगकडे जायचं.

आता मोजायचं कसं, तर ब्लिंक होत असताना मल्टिमीटरचा आकडा स्थिर राहत नाही. म्हणून 2 पिनच्या फ्लॅशरचा कपलर काढून बी (बॅटरीकडून येणारं) आणि एल (दिव्यांकडे जाणारं) या दोन टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा टाकला, इंडिकेटर सलग पेटून राहतो आणि निवांत मोजता येतं. (फ्यूज जागेवर असू द्या.) एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा मागच्या बल्ब होल्डरच्या बॉडीला. अर्थिंग चांगलं असेल तर 0.2 व्होल्टच्या आत यायला हवं, इथे 4 च्या आसपास! आणि तीच अर्थिंगची वायर कंटिन्युइटीला (वायर जोडलेली आहे का हे बीप देऊन सांगणारी मीटरची सेटिंग) मस्त बीप देत होती, कारण मीटर अगदी नखभर करंट सोडतो, एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. लोड देऊनच मोजा मंडळी, हे कितीदा सांगितलं तरी कमीच.

मडगार्डच्या बोल्टखाली अर्थिंगची रिंग होती, खाली कधीतरी मारलेला पेंट, वर गंज, आणि क्रिंपमध्ये (रिंग वायरवर दाबून बसवलेली असते तिथे) वायर हिरवी पडलेली. घासून काम झालं असतं, पण मडगार्डच्या पत्र्यावर माझा भरवसा नाही, म्हणून दोन्ही होल्डर आणि टेललाइटपासून वेगळी वायर काढून हार्नेसच्या (गाडीच्या वायरिंगच्या जुडग्याच्या) मेन अर्थला सोल्डर केली, वर हीट श्रिंक. व्होल्टेज ड्रॉप जवळपास शून्यावर आला, मागचे बल्ब पुढच्यांसारखेच लखलखीत.

मग साध्या बल्बच्या जागी LED. 10 वॅटचे दोन बल्ब साधारण 1.7 अँपिअर खातात, LED त्याच्या कितीतरी कमी, त्यामुळे लोडवर चालणारा जुना फ्लॅशर बिथरतो. लोड वाढवायला रेझिस्टर लावायचा पर्याय मला पटत नाही, वाचवलेली वीज तापवून घालवायची. 3 पिनचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावला, तिसरी पिन अर्थला, ब्लिंक मिनिटाला 80-85 च्या घरात. 60 ते 120 मध्ये असला की झालं.

पण एका बाजूचा दिला की चारही लागायला लागले. मीटरमधला इंडिकेटरचा दिवा एकच आहे, तो डाव्या-उजव्या लाइनच्या मध्ये जोडलेला, एका बाजूचा करंट त्यातून पलीकडे जातो, साध्या बल्बला तेवढ्याने काही होत नाही पण LED ला पुरतो. दोन 1N4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) घेतले, एकेक दोन्ही लाइनला, डायोडवर पट्टी असलेली टोकं एकत्र करून दिव्याला, आणि दिव्याचं दुसरं टोक अर्थला. ज्याची बाजू तीच लागते, मीटरचा दिवा दोन्हीकडे चालतो.

आता हँडलचा स्विच. डावीकडे सरकवला की कधीकधी कॉन्टॅक्ट सुटतो, आत कार्बन असणार. उघडताना गाडीवर मोठं फडकं पसरून घेणार, आतली छोटी स्प्रिंग आणि छर्रा उडाला तर सापडत नाही.