सातचा पाढा

पाचचा पाढा सगळ्यांचा लाडका. शेवटी पाच नाहीतर शून्य, डोकं चालवायचं कामच नाही. दहाच्याला तर पाढा म्हणायचंही जिवावर येतं. नऊचा आधी घाबरवतो, पण कुणीतरी बोटं दुमडायची युक्ती दाखवली की तोही वश होतो. राहता राहिला सात. वर्गात उभं केल्यावर सात सत्तेपर्यंत कसंबसं निभतं आणि सात अठ्ठेला पोरगं छताकडे बघू लागतं.

सातात काही मेळ नाही असं म्हणणाऱ्यांनी मोबाइलवर नंबर लावायचे आकडे उघडावेत आणि सातचा पाढा म्हणत फक्त एककाचा आकडा दाबत जावा. सात. चौदाचा चार. एकवीसचा एक. बोट डावीकडच्या रांगेत खालून वर चढलं. अठ्ठावीसचा आठ, पस्तीसचा पाच, बेचाळीसचा दोन: मधली रांग, पुन्हा खालून वर. एकोणपन्नासचा नऊ, छप्पन्नचा सहा, त्रेसष्टचा तीन: उजवी रांग. आणि सत्तरचं शून्य सगळ्यांत खाली. दहाही आकडे झाले, एकही सुटला नाही, एकही दोनदा आला नाही. (हिरवं बटण तेवढं दाबू नका. दहा आकडे आहेत, कुणाचा तरी नंबर असायचा.) कॅल्क्युलेटरवर हेच वरून खाली होतं, कारण तिथे सात वरच्या रांगेत असतो.

भाचीला हे दाखवलं तर तिने लगेच तीनचा लावून पाहिला. तीन, सहा, नऊ; बाराचा दोन, पाच, आठ; एकवीसचा एक, चार, सात; मग शून्य. "मामा, हा तर उलटाच चालते ना!" बरोबर. सात मिळवायचे म्हणजे दहा मिळवून तीन काढायचे. एककाला त्या दहाशी काही घेणंदेणं नसतं, तो आपला तीन घरं मागे सरकतो. दोन आणि आठची, चार आणि सहाची, एक आणि नऊची जोडीही अशीच. पण चार बिचारा चार, आठ, दोन, सहा, शून्य एवढ्यातच घुटमळतो, कारण त्यालाही दोनने भाग जातो आणि दहालाही. विषम घरात त्याचं पाऊल पडायचं नाही. सातचं दहाशी असलं काही नातं नाही, म्हणून त्याला अख्खी आळी हिंडावी लागते. पाढ्यांचं पाठांतर हवं की समज, हा वाद मला म्हणूनच फोल वाटतो. तोंडपाठ असल्याशिवाय हे दिसणार कुठून?

बाजारात मात्र सातला भाव नाही. संत्रीवाला उजव्या हातात तीन, डाव्या हातात दोन अशी पाच संत्री एका खेपेला उचलतो. पहिल्या खेपेला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही जुनी रीत. मग दोन, तीन, चार... वीस खेपा झाल्या की शेकडा. पाच-दहा-पंधरा तो म्हणतच नाही. आपण संत्री मोजत असतो, तो खेपा मोजतो. पाच उचलण्यात हात चुकत नाहीत, त्यामुळे जीभ मोकळी राहते आणि मधल्या मधे तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला भावही सांगून घेतो.

जुन्या लोकांना पाव, निम, पाऊण, सवा, दीड, अडीच यांचेही पाढे यायचे. सोळा आण्यांच्या रुपयात ते लागायचे. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि हळूहळू ते पाढे मिटले. त्यात एक औटकी होती, साडेतीनची. औट दुणे सात, औट त्रिक साडेदहा, औट चोक चौदा. सातच्याच वाटेवर, फक्त अर्ध्या पावलांनी.

आणि नागपुरात राहून सातला नावं ठेवणं तसंही शोभत नाही. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. अर्ध्या शहराचा पत्ता वारांनीच लागतो. आठवडी बाजार म्हणजे सात-सातच्या उड्याच. मंगळवारचा बाजार ३ तारखेला आला की पुढचे १०, १७, २४, ३१. एककात पाहा: तीन, शून्य, सात, चार, एक. पुन्हा तेच तीनने मागे. महिना एकतीस दिवसांचा असला की तीच तारीख पुढच्या महिन्यात तीन वार पुढे जाते, म्हणजे मंगळवारची ३ तारीख शुक्रवारी येते.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मी भाजीवाल्या मावशीला विचारलं, "एकतीसला येणार ना?"

"एकतीस-बिकतीस मले नाही समजत भाऊ. मंगळवार हाय ना? मंग येतो. सांबार ठेवू का जुडीभर?" (सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.)